लहान मुलांना दुर्बिणीतून आकाश दाखवताना: आधी पाहू द्यावं की आधी सांगावं?

ध्रुवमत्स्य

सार्वजनिक आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत मी बरीच वर्षं दुर्बिणीपाशी उभा राहतो आणि मुलांच्या रांगेत सगळ्यात जास्त रमतो. एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळते आहे, तिच्यावर इथल्या अनुभवी मंडळींचं मत हवं आहे.

मूल नेत्रिकेपाशी (दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगापाशी) पोचतं तोवर त्याच्या कानावर खूप काही पडलेलं असतं. "हा शनी, त्याला कडी आहेत, ती बर्फाच्या तुकड्यांची आहेत, नीट बघ." मागून आई-बाबांचं "दिसली का? दिसली ना कडी?" मूल डोळा लावतं, दोन सेकंदांत "हो, दिसली" म्हणतं आणि बाजूला होतं. माझी खात्री आहे की यातल्या बऱ्याच मुलांना काहीही दिसलेलं नसतं. मागे रांग खोळंबलेली, मोठी माणसं उत्तराची वाट बघतायत, अशा वेळी "नाही दिसलं" म्हणायला सात-आठ वर्षांच्या मुलाला फार धीर लागतो. शिवाय काय दिसायला हवं ते आपण आधीच सांगून टाकलेलं असतं, त्यामुळे उत्तर त्याच्याकडे तयार असतं.

म्हणून मी आता वस्तूचं नावही आधी सांगत नाही. "बघ आणि काय दिसतं ते मला सांग" एवढंच म्हणतो आणि गप्प राहतो. मूल जे बोलेल तिथून पुढे गप्पा. शनी पाहून मुलं "कान असलेला तारा" म्हणतात, "डोळा" म्हणतात, "टोपी घातलेला गोळा" म्हणतात. गॅलिलिओलाही १६१० मध्ये त्याच्या दुर्बिणीतून शनीच्या दोन बाजूंना दोन वेगळे गोळे असावेत असंच वाटलं होतं. ते कडं आहे हे हॉयगेन्स या डच खगोलशास्त्रज्ञाने १६५९ मध्ये छापून सांगितलं, म्हणजे मध्ये जवळपास पन्नास वर्षं गेली. "कान" म्हणणाऱ्या मुलाला हे सांगितलं की त्याचा चेहरा खुलतो आणि ते पुन्हा रांगेत जाऊन उभं राहतं. आधीच "कडी बघ" म्हटलं असतं तर ही गोष्ट सांगायला जागाच उरली नसती.

चंद्राच्या वेळी मूल खरंच पाहतंय की नाही हे न विचारताही कळतं. नेत्रिकेतून बाहेर पडणारा चंद्राचा उजेड मुलाच्या चेहऱ्यावर एका लहानशा चकतीसारखा पडतो. सुरुवातीला ती चकती गालावर असते, मग पापणीवर येते, नाकाकडे सरकते. ती बुबुळावर आली की चेहऱ्यावरून नाहीशी होते, आणि त्याच क्षणी मुलाचा श्वास थांबतो किंवा तोंडातून काहीतरी निघतं. चकती पापणीवरच असेल तर मूल "दिसलं" म्हणालं तरी मी म्हणतो, "थांब, घाई नाही, डोकं जरा डावीकडे घे."

तुम्ही काय करता? आधी सांगता की नंतर?

देवयानी

विषय जिव्हाळ्याचा आहे. चंद्र, शनी, गुरू यांच्यासाठी तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. पण अंधुक वस्तूंना हा नियम लावला तर मुलांवर अन्याय होतो असं माझं मत आहे.

मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा ढग) घ्या. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर आहे आणि मध्यम दुर्बिणीतून सुंदर दिसतो, पण कोणाला? ज्याला कसं पाहायचं ते माहीत आहे त्याला. मूल फोटोतले गुलाबी-जांभळे ढग डोक्यात घेऊन आलेलं असतं. नेत्रिकेत त्याला चार तारे आणि राखाडी धुकं दिसतं, आणि ते "काही नाही" म्हणून निघून जातं. चूक त्याची नाही. मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, आणि नजरेच्या अगदी मध्यभागी त्या नसतातच. म्हणून मी आधी सांगते: "थेट मधोमध बघू नकोस. कडेच्या ताऱ्याकडे बघ आणि लक्ष मात्र मधे ठेव." मग पंधरा-वीस सेकंद थांबते. धुक्याला पंख फुटायला लागतात ते मुलाला स्वतःला कळतं.

म्हणजे काय दिसेल ते मीही सांगत नाही, पण कसं पाहायचं ते जरूर सांगते. लहान मुलांना एक डोळा मिटता येत नाही, पाच वर्षांखालच्या बहुतेकांना तर नाहीच. त्यांना तळहाताने दुसरा डोळा झाकायला सांगावं लागतं. हात नेत्रिकेकडे जातात, दुर्बीण हलते, वस्तू निसटते. म्हणून दोन्ही हातांना काम द्यायचं: एक डोळ्यावर, दुसरा शिडीच्या दांड्यावर.

रंगच दाखवायचे असतील तर हंस तारकासमूहातला अल्बिरिओ दाखवावा. साध्या डोळ्यांना एकच तारा, दुर्बिणीत दोन, एक सोनेरी आणि एक निळसर. "कुठले रंग?" असं विचारलं की दहा मुलं दहा उत्तरं देतात. मी एकालाही दुरुस्त करत नाही.

व्याध

दोघांशीही सहमत, पण एका ठिकाणी मुलांना आधी, स्पष्ट आणि पुन्हा पुन्हा सांगावंच लागतं, ते म्हणजे दिवसाचे सूर्यदर्शनाचे कार्यक्रम. माझा भर त्यावरच असतो.

सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वस्तुभिंगाच्या किंवा नळीच्या बाजूला लागतो आणि तो वाऱ्याने किंवा एखाद्या उत्सुक हाताने निघणार नाही असा चिकटपट्टीने बांधायचा. जुन्या लहान दुर्बिणींबरोबर नेत्रिकेत बसवायची काळी काच यायची, ती फेकून द्या. सगळी उष्णता तिथेच एकवटते आणि ती काच तडकू शकते. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढून ठेवा किंवा दोन्ही बाजूंनी झाका, मुलांची नजर पहिली तिकडेच जाते. प्रत्येक कार्यक्रमाआधी फिल्टर उजेडासमोर धरून टाचणीएवढं भोकही नाही ना ते पाहा. आणि दुर्बिणीपासून एक पाऊलही दूर जायचं नाही. पाणी प्यायला जायचं असेल तर दुसऱ्याला उभं करा किंवा दुर्बीण सूर्यावरून हटवून झाकून ठेवा.

कागदावर सूर्याची प्रतिमा पाडायची पद्धत छान दिसते, पण मुलांच्या गर्दीत मी ती वापरत नाही. नेत्रिकेतून निघणारा झोत उघडा असतो आणि कोणीतरी वाकून त्यात बघेलच.

एवढं झालं की मग मात्र ध्रुवमत्स्य म्हणतात तसंच. सौर डाग पाहून मुलं विचारतात, "सूर्याला भोक पडलंय?" मी उलट विचारतो, "तुला काय वाटतं?" गप्पांमधून कळतं की डाग म्हणजे काळा भाग नाही, आजूबाजूपेक्षा कमी तापलेला भाग आहे. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सियस, आणि डाग त्यापेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड. एकटा काढून आकाशात ठेवला तर तोही झगमगेल. सूर्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०९ पृथ्व्या ओळीने बसतात हे कळलं की मुलं त्या डागाकडे पुन्हा बघायला येतात.

नवखा_निरीक्षक

नमस्कार. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच मुलांसाठी कार्यक्रम करायचा आहे. साठेक मुलं येतील. माझ्याकडे २०० मिमीची डॉब्सोनियन (आरशाची, साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) आहे, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) १,२०० मिमी. एक मित्र ७० मिमीची अपवर्ती (भिंगाची दुर्बीण) आणेल. काय दाखवू, कुठली नेत्रिका लावू? आणि मुलं जे विचारतील त्याची उत्तरं आली नाहीत तर?

ध्रुवमत्स्य

देवयानी, तुमचं म्हणणं मान्य. कसं पाहायचं ते सांगणं आणि काय दिसेल ते सांगणं यातला फरक माझ्या मूळ लेखात नीट आला नव्हता.

नवखा_निरीक्षक, आधी गणित. साठ मुलं, प्रत्येकाला एक मिनिट (डोळा लावणं, सापडणं, पाहणं, बोलणं, उतरणं), म्हणजे एका दुर्बिणीपाशी एका वस्तूसाठी एक तास. म्हणून दोन दुर्बिणींवर दोनच वस्तू ठेवा आणि त्या शेवटपर्यंत बदलू नका. यादी मोठी केली की प्रत्येक वस्तूला मुलाच्या वाट्याला दहा सेकंद येतात आणि आपण सुरुवात केली त्याच "हो, दिसली"वर येऊन थांबतो.

नेत्रिका २५ मिमीची लावा. तुमच्या दुर्बिणीत ती (१,२०० भागिले २५) ४८ पट मोठं दाखवेल आणि साधारण एक अंशाचा पट्टा दिसेल. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे त्यात आरामात बसतो. २०० पटीचा मोह टाळा. आकाश ताशी १५ अंश सरकतं. २०० पटीला पाव अंश दिसतो, म्हणजे वस्तू मिनिटभरात दृश्यातून बाहेर. दुसऱ्या मुलाच्या वाट्याला रिकामं काळं आकाश येईल आणि ते सभ्यपणे "दिसलं" म्हणेल. छोट्या नेत्रिकांत डोळा अगदी काचेला टेकवावा लागतो, पापण्यांचे केस घासून काच मळते. चष्मा असलेल्या मुलांना चष्म्यासकट पाहू द्या, नेत्रिकेची रबरी कड तेवढी मागे दुमडा.

हे सरकणंसुद्धा दाखवण्यासारखं आहे. रांग कमी झाली की एखाद्या मुलाला मोठ्या पटीची नेत्रिका लावून द्या आणि दुर्बिणीला हात लावू नका. चंद्राची कड दृश्यातून निसटताना त्याला दिसते. "दुर्बीण कोण हलवतंय?" असं ते विचारतं. इथे उत्तर देण्याची घाई करू नका.

वस्तू निवडताना चंद्र अष्टमीच्या आसपासचा घ्या, पौर्णिमेचा नको. पौर्णिमेला सूर्य समोरून असतो, सावल्या पडत नाहीत आणि चंद्र सपाट, डोळे दिपवणारा दिसतो. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाखेल ही तीन विवरं तिथे एकाखाली एक दिसतात. मूल "खड्डे" म्हणालं की विचारा, "खड्डा आहे हे कशावरून?" त्याला सावलीपर्यंत स्वतः पोचू द्या.

शर्मिष्ठा

मुलांच्या प्रश्नांबद्दल लिहिते, माझा तो आवडता भाग आहे.

"आत चित्र चिकटवलंय ना?" हा प्रश्न शनीच्या दुर्बिणीपाशी हमखास येतो, आणि तो उत्तम प्रश्न आहे. मूल पुरावा मागतंय. त्याला दुर्बिणीच्या पुढच्या बाजूला नेऊन आत बघू द्या, तिथे फक्त आरसा आहे. मग नेत्रिकेला डोळा लावलेला असताना नळीला हलकेच बोट लावायला सांगा. शनी थरथरतो. नंतर दुर्बीण शनीवरून थोडी बाजूला सरकवून त्यालाच परत आणायला द्या. परत आणलेला शनी मग त्याचा स्वतःचा असतो.

"चंद्रावरचा झेंडा दाखवा." १९६९ ते १९७२ या काळात सहा वेळा माणसं चंद्रावर उतरली, हे मुलांना माहीत असतं. मी कोपर्निकस विवर दाखवते (त्यासाठी अष्टमीनंतर एक-दोन दिवस थांबावं लागतं). मग सांगते की हे विवर सुमारे ९३ किलोमीटर रुंद आहे, आणि आपल्या दुर्बिणीतून एक-दोन किलोमीटरहून लहान काही ओळखू येणं कठीण. झेंडा किती मोठा असेल, हे मुलं स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात. चंद्राभोवती फिरणाऱ्या एका यानाने वरून काढलेल्या छायाचित्रांत तिथे उतरलेल्या यानांचे खालचे भाग आणि माणसांच्या चालण्याच्या वाटा दिसतात, हेही मी सांगते.

"ब्लॅक होल दाखवा." दाखवता येत नाही, पण कुठे आहे ते बोटाने दाखवता येतं! हंसाच्या मानेत एक तारा आहे, त्याच्या अगदी जवळ सुमारे ७,००० प्रकाशवर्षांवर सिग्नस एक्स-१ आहे. एक कृष्णविवर आणि त्याच्याभोवती फिरणारा एक प्रचंड तारा. मुलं त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेकडे जितका वेळ टक लावून बघतात तितका वेळ गुरूकडेही बघत नाहीत.

आणि उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण कसं शोधू शकू?" असं सरळ म्हणा. तारे दाखवायचा लेझर मात्र मुलांच्या हातात देऊ नका, आणि विमान जवळपास असेल तर स्वतःही लावू नका.

सारथी

अजून कोणी बोललं नाही म्हणून विचारतो. हल्ली कॅमेरा बसवलेल्या, स्वतःच वस्तू शोधणाऱ्या दुर्बिणी मिळतात. काही मिनिटं प्रकाश गोळा करून त्या दीर्घिकेच्या (गॅलेक्सीच्या) सर्पिल भुजा पडद्यावर दाखवतात, आणि वीस मुलं एकदम बघू शकतात. रांगच नाही. शहरी उजेडातही चालतात. मग नेत्रिकेचा एवढा आग्रह का?

देवयानी

पडद्यावर चित्रं मुलं रोजच बघतात, हे माझं मुख्य कारण. नेत्रिकेत जे येतं ते चित्र नसतं. देवयानी दीर्घिकेतून २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला तोच प्रकाश मुलाच्या डोळ्यात शिरून संपतो. हे दहा-बारा वर्षांच्या मुलांना सांगून पाहा, त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघा.

पण तुमच्या दुर्बिणीला माझा विरोध नाही. दोन्ही शेजारी ठेवावीत, आधी नेत्रिका. मुलाने तो राखाडी पुंजका स्वतः शोधून पाहिला असला तर पडद्यावरच्या भुजा त्याला त्या पुंजक्याच्याच वाटतात. क्रम उलटा केला की नेत्रिकेतलं दृश्य फिकं पडतं.

सारथी

क्रमाचा मुद्दा पटला. पण एक भर घालतो. ज्या मुलांना शिडी चढता येत नाही, चाकांच्या खुर्चीतून येतात, किंवा मान वळवता येत नाही, त्यांच्यासाठी पडदा सोय म्हणून नाही तर हक्क म्हणून हवा. आमच्याकडे अशा एका मुलीने पडद्यावर चंद्र सरकवत अर्धा तास काढला. विवर दिसलं की ती थांबायची, बोटाने सावलीची लांबी मोजायची.

ध्रुवमत्स्य

हे फार महत्त्वाचं. त्यात एक पर्याय सुचवतो. नवखा_निरीक्षक यांच्या मित्राच्या ७० मिमीच्या अपवर्तीला काटकोनी डायगोनल (प्रकाश वळवणारा आरसा) लावून ती लहान तिवईवर ठेवली, तर नेत्रिका खुर्चीत बसलेल्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीला आणता येते. तिवईचा एक पाय खुर्चीच्या चाकांच्या आड येतो, तेवढा आधी फिरवून घ्या. ही दुर्बीण पूर्ण वेळ याच उंचीला ठेवली तर लहान मुलांनाही शिडी लागत नाही. मग कोणासाठी काही वेगळं केलंय असंही वाटत नाही.

न दिसणाऱ्या मुलांसाठी मी पुठ्ठ्यावर चंद्राचा भाग उंचसखल करून ठेवतो, विवरांच्या कडा बोटाला लागतील अशा. डोळस मुलंही डोळे मिटून तो चाचपतात आणि मग नेत्रिकेत तेच विवर शोधतात.

नवखा_निरीक्षक

सगळ्यांचे आभार, बरंच काही लिहून घेतलं. ढग आले तर काय?

शर्मिष्ठा

दोन चेंडू ठेवा, एक दुसऱ्याच्या साधारण पावणेचार पट रुंद. मोठा पृथ्वी, लहान चंद्र. मुलांना चंद्र योग्य अंतरावर धरून उभं राहायला सांगा. जवळजवळ सगळी मुलं हातभर अंतरावर धरतात, कारण चित्रांत तसंच असतं. खरं अंतर पृथ्वीच्या तीस व्यासांएवढं आहे, ३,८४,४०० किलोमीटर. मोठा चेंडू १३ सेंटीमीटरचा असेल तर चंद्र जवळपास चार मीटरवर जातो. लहान चेंडू घेऊन मूल मागे मागे चालत जातं आणि बाकीचे "अजून? अजून?" ओरडतात. इथेही आधी त्यांना धरू द्या, अंतर नंतर सांगा.

व्याध

आणि गुरू वर असेल तर मुलांना कोरा कागद द्या. मधे एक गोल, त्यातून आडवी रेघ, एवढंच छापलेलं. नेत्रिकेत गुरूशेजारी दिसलेले ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, त्यांनी काढायचे. कार्यक्रमाच्या सुरुवातीला एकदा आणि संपताना पुन्हा एकदा. गुरूजवळून जाणारा आयो हा चंद्र दोन तासांत जवळपास गुरूच्या व्यासाएवढा सरकतो, त्यामुळे दोन चित्रं जुळत नाहीत. मुलं आधी भांडतात, "तू चुकीचं काढलंस." मग कोणीतरी म्हणतं, "तो हललाय." १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओनेही रात्रीमागून रात्री अशीच टिपणं काढून ते ठिपके गुरूभोवती फिरतायत असं ठरवलं होतं. एक सूचना: दोन्ही चित्रं एकाच दुर्बिणीतून काढून घ्या. डॉब्सोनियनमध्ये दृश्य उलटं दिसतं आणि डायगोनल लावलेल्या अपवर्तीत आरशातल्यासारखं, मग मुलांचा गोंधळ होतो.

नवखा_निरीक्षक

कागद छापून घेतो. म्हणजे डॉब्सोनियनवर गुरू, अपवर्ती बसक्या तिवईवर चंद्रासाठी, २५ मिमीची नेत्रिका, आणि पालकांना रांगेच्या बाहेर उभं राहायची विनंती. ती कशी करावी?

देवयानी

पालकांची वेगळी रांग करा, मुलांची संपल्यावर सुरू होणारी. तोवर आपापल्या मुलाला "दिसलं का?" ऐवजी "काय दिसलं?" विचारायला सांगा. लाल दिवा एकाच पालकाच्या हातात द्या आणि मोबाइलचे पडदे बंद करायचं काम त्याच्यावर सोपवा. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एका पडद्याने ती सगळी वाया जातात.